थ्रोन रूम आणि मायनिंग व्हिलेज: वहीतला निकाल चुकला होता

डोमिनियन या कार्डांच्या खेळातले अडलेले निकाल मी एका वहीत लिहितो. तिच्यातलं थ्रोन रूमचं (दुसरं एक कार्ड दोनदा खेळू देणारं कार्ड) पान पूर्ण झालं, असं गेल्या वेळी कळवलं होतं. ते पान काल फाडलं.

रविवारी मामेभावाने थ्रोन रूम टाकून मायनिंग व्हिलेज दोनदा खेळलं. दोन्ही वेळा ट्रॅश (म्हणजे कार्ड खेळातून बाद), म्हणून 4 नाणी, असं त्याचं म्हणणं. मी वही उघडली. फीस्ट या कार्डाखाली नोंद होती: कार्ड पहिल्याच खेपेला ट्रॅशमध्ये गेलं तरी दुसऱ्या खेपेचं फळ मिळतं. तोच न्याय लावला. त्याची 8 नाणी झाली, त्याने प्रॉव्हिन्स (8 नाण्यांचं, गुण देणारं कार्ड) उचलला आणि मी 4 गुणांनी हरलो. हरल्याचं काही नाही, पण निकाल माझ्या वहीने दिला होता. तेच डाचत राहिलं.

रात्री दोन्ही कार्डं शेजारी ठेवली. (माझा बेस सेट पहिल्या आवृत्तीचा आहे, 2016 च्या आवृत्तीतून फीस्ट गेलं.) फीस्ट सांगतं: हे कार्ड ट्रॅश करा. 5 नाण्यांपर्यंतचं एक कार्ड घ्या. दोन सुटी वाक्यं. दुसऱ्या खेपेला ट्रॅश करायला कार्ड जागेवर नसतं, तरी दुसरं वाक्य लागू होतंच. मायनिंग व्हिलेज सांगतं: ट्रॅश करू शकता, केलंत तर 2 नाणी. सगळं त्या ‘तर’वर अडलंय! कार्ड एकदाच ट्रॅश होतं, म्हणून नाणी 2 च. एक कार्ड आणि दोन अ‍ॅक्शन (आणखी कृती-कार्डं खेळायच्या संधी) मात्र दोन्ही खेपांना मिळतात. म्हणजे त्याची नाणी 6 होती. गोल्ड आलं असतं, प्रॉव्हिन्स नाही.

एक गोष्ट मात्र झकास जमली. अ‍ॅक्शन मोजायला चिंचोके घेतले आणि थ्रोनवर थ्रोनचा घोळ मिटला. हातात दोन थ्रोन, व्हिलेज (1 कार्ड, 2 संधी), स्मिदी (3 कार्डं) आणि एक कॉपर. पहिला थ्रोन दुसऱ्याला दोनदा चालवतो: आधी व्हिलेज दोनदा, मग स्मिदी दोनदा. एकच कार्ड चारदा नव्हे. शेवटी हातात 9 कार्डं आणि समोर 4 चिंचोके! विकतच्या प्लास्टिक टोकनपेक्षा चिंचोके कितीतरी बरे, घरंगळत नाहीत. स्लीव्ह्ज (कार्डांवर चढवायच्या प्लास्टिकच्या पिशव्या) मात्र परत पाठवल्या. दुकानदाराने 88 मिलिमीटर उंचीच्या दिल्या, कार्डं वरून डोकावत होती.

नवी वही कार्डांच्या नावांनी लावणार होतो. पण हे लिहितानाच वाटतंय, वाक्याच्या घडणीप्रमाणे लावावी: ‘तर’वाली एकीकडे, सुटी दुसरीकडे. मग नवं कार्ड आलं तरी निकाल वाचूनच लागेल. इंट्रीग या पुरवणी संचाचा डबा आज रात्रीच उपसतो. सीसाइड हा दुसरा संच तोवर कपाटात.