कोपऱ्यातले स्टिकर

आज संध्याकाळभर एक जुनी अमेरिकन नंबर प्लेट हातात घेऊन बसलो होतो. कोपऱ्यात स्टिकरवर स्टिकर. कडेने पाहिलं की लाल, निळा, पिवळा असे थर दिसतात. नोंदणीचं नूतनीकरण झालं की नवा स्टिकर, आधीच्याच डोक्यावर! मित्र म्हणाला, सोलून स्वच्छ कर. मी हातही लावू दिला नाही. ती गाडी किती वर्षं रस्त्यावर होती, ते त्या थरातच तर आहे.

पूर्वी बहुतेक राज्यांत दरवर्षी अख्खी प्लेटच बदलायची. दुसऱ्या महायुद्धात पोलाद टंचाईचं झालं, तेव्हा अनेक राज्यांनी जुनीच प्लेट ठेवून तिच्यावर वर्षाची छोटी पत्र्याची पट्टी किंवा काचेवर स्टिकर द्यायला सुरुवात केली. इलिनॉयने तर १९४३ मध्ये सोयाबीन वापरून केलेल्या पुठ्ठ्याच्या प्लेट काढल्या. जनावरं त्या कुरतडायची म्हणे! म्हणूनच धड कोपऱ्यांची अशी एखादी प्लेट पाहिली की माझा जीव तिच्यात अडकतो.

माझी प्लेट आता ऊन न येणाऱ्या भिंतीवर लावतोय. उन्हात लाल रंग फार लवकर उडतो.