तुम्ही विचारलंत म्हणून: परिक्रमेत दिवस कसा जातो?

नर्मदेची पायी परिक्रमा करून आल्यापासून ‘इतके महिने रोज नुसते चालायचे, तर कंटाळा येत नाही का?’ असे मला वरचेवर विचारले जाते. या प्रश्नाचे नीट उत्तर द्यायचे तर तेथला दिवस कसा असतो, ते सांगितले पाहिजे.

नदीची लांबी १,३१२ किलोमीटर आहे, म्हणजे दोन्ही तट मिळून २,६०० किलोमीटरहून अधिक चाल होते. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची आणि तिचे पात्र कोठेही ओलांडायचे नाही, हा मुख्य नियम. ओंकारेश्वराहून दक्षिण तटाने निघालेला परिक्रमावासी नदीच्या मुखाजवळच्या विमलेश्वरला पोहोचतो, भरतीची वेळ साधून नावेने समुद्रातून पलीकडच्या तटावरील मिठी तलाईला उतरतो, उत्तर तटाने अमरकंटकापर्यंत चढत जातो आणि उगमाला वळसा घालून परत दक्षिण तटाला लागतो. शास्त्राने सांगितलेली तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांची मुदत आज फार थोडे लोक पाळतात. बहुतेकांची परिक्रमा काही महिन्यांत पूर्ण होते.

आश्रमात पहाटे चारच्या सुमारास हालचाल सुरू होते. स्नान आणि मैयाची, म्हणजे नर्मदेची, पूजा आटोपून, आसन गुंडाळून, उजाडता उजाडता वाट धरायची, कारण थंडी सरली की निमाडातली दुपार भाजून काढते. मध्यान्ही कोठे भोजनप्रसादी मिळते, तर कोठे सदाव्रत, म्हणजे पीठ, डाळ, मीठ असा कोरडा शिधा मिळतो आणि तीन दगडांच्या चुलीवर टिक्कड, म्हणजे जाड रोट्या, आपले आपण भाजून घ्यावे लागतात. सरपण गोळा करणे, कपडे धुणे, पायांचे फोड पाहणे आणि पुढच्या मुक्कामाची चौकशी करणे यांत संध्याकाळ होते. कंटाळ्याला जागाच उरत नाही.

खरा कस लागतो, तो दुसऱ्याकडून घेताना. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीचे पैसे मोजत आलेल्या माणसाला रोज दुसऱ्याच्या दारात ‘नर्मदे हर’ म्हणून उभे राहणे आणि पुढे येईल ते, लागेल तेवढेच, घेणे अवघड जाते. शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे नर्मदाकाठच्या डोंगराळ जंगलात, मला हे सर्वांत तीव्रतेने जाणवले. या झाडीत परिक्रमावासीयांना लुटले जाते, असे पूर्वी सांगत. आज तेथले भिल्ल आदिवासी ‘माताराम, बसा’ म्हणून बोलावतात आणि मक्याची भाकरी हातावर ठेवतात. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेला नर्मदेचा पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा काठ याच मुलखात, नंदुरबार जिल्ह्यात आहे. नर्मदेवरचे सरदार सरोवर धरण २०१९ मध्ये प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. धरणाच्या फुगवट्याखाली काठाची जुनी पायवाट गेली, म्हणून आता डोंगर चढत-उतरत जावे लागते आणि मैयाचे दर्शनही कित्येकदा दिवसदिवस होत नाही. त्याच पाण्याखाली या लोकांची घरे आणि काठची सुपीक शेते गेली. धरणाच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे. ज्यांच्या जमिनी बुडवून ती वीज आपल्या घरांत आली, त्यांच्याच चुलीवरची भाकरी त्याच नदीच्या नावाने आपण खातो, याचा विचार मला प्रत्येक ताटापाशी येत असे, आणि जेवून उठल्यावर पुढची चढण चढतानाही तो सुटत नसे. भाकरीचे पैसे देऊ केले तर ते कोणी घेत नाही. त्या पाड्यांना रस्ता, शाळा आणि दवाखाना मिळवून देणे हे आपल्या राज्याचे जुने देणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमचा जाण्याचा विचार असेल, तर कार्तिकी एकादशीनंतर निघा. चातुर्मासात चाल थांबवावी लागते. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या डोंगरांतून जाणार असाल, तर तेथे सदाव्रत चालवणाऱ्यांना काय हवे आहे, ते आधी विचारा आणि तेवढा शिधा आपण पोहोचण्यापूर्वी त्यांच्याकडे पोहोचेल अशी व्यवस्था करा.