वर्षाला किती होतात?

वाचलेल्या पुस्तकांची मी नोंद ठेवते हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला: "मग वर्षाला किती होतात?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा: "पण कशासाठी?" तुम्हीही दोन्ही विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहूनच टाकते.

पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नाही. वह्या आहेत, बेरीज करता येईल. पण करायला बसलं की कुठेतरी अडतंच. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' मी एकदा ठरवून महिन्यामहिन्याने वाचलं. बारा महिन्यांवरचे बारा लेख. चैत्र लागला की चैत्र उघडायचा, आणि वैशाख येईपर्यंत पुढचं पान उलटायचं नाही. फाल्गुन संपला तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर बदलून बरेच दिवस झाले होते. ते पुस्तक कुठल्या वर्षात धरायचं? 'बनगरवाडी' एका दुपारी संपली, नेमाड्यांची 'हिंदू' पावसाळाभर पुरली. बेरजेत दोन्ही एकेकच. दिवाळी अंकांचं तर विचारूच नका. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि आपल्याकडे हे सुरू झालं. दिवाळीपासून पार संक्रांतीपर्यंत माझ्या उशाशी अंकच असतात. अंकाला मी पुस्तक धरत नाही, पण त्यातली एखादी दीर्घकथा मनात घर करून बसली तर धरते. नियम माझाच, मोडणारीही मीच.

माझा भाचा दर जानेवारीत मोबाइलवर आकडा लावतो, यंदा इतकी वाचणार म्हणून. नोव्हेंबर उजाडला की स्वारी पातळ पुस्तकं शोधायला लागते. वाचतो हे चांगलंच आहे, पण जाड पुस्तक बघून पोटात गोळा आणणारी नोंद मला नको. त्याने मलाही ते ॲप घालून दिलं होतं. मागच्या कव्हरवरचा बारकोड दाखवायचा, की पुस्तक आपोआप नोंदलं जातं. मी ठाण्याची. आमचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचं, आणि माझं निम्मं वाचन तिथलं. कापडी बांधणीची, बारकोडातला तो आयएसबीएन क्रमांक यायच्या कितीतरी आधी छापलेली पुस्तकं. मूळचं कव्हरच जिथे बाइंडरने काढून टाकलंय, तिथे बारकोड कुठून आणू?

तेव्हा वही. आडवी धरून रकाने आखलेली: नाव, लेखक, आवृत्ती, महिना, कोणामुळे, शेरा. तारीख लिहीत नाही, महिना पुरतो. तारे नाहीत, गुण नाहीत. काल तीन तारे दिलेलं पुस्तक आज आठवून पाचाचं वाटतं, मग खाडाखोड करत बसायचं का?

आवृत्तीचा रकाना आधी नव्हता, तो गोडसे भटजींनी घालायला लावला. पेणजवळच्या वरसईचे हे विष्णुभट. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा बरी मिळेल, या आशेने 1857 मध्ये उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन धुमाळीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा हा गृहस्थ आत शहरात. लुटला गेला, उपाशी राहिला, तरी गंगेची कावड घेऊन घरी पोचला. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी हे सगळं लिहून काढलं. 'माझा प्रवास' वैद्यांनीच 1907 मध्ये छापलं, पण स्वतःचा हात फिरवून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी ते पुन्हा काढलं ते 1966 मध्ये. मी आधी वैद्यांचं वाचलं, काही वर्षांनी पोतदारांचं. वहीत नाव दोनदा आहे आणि दोन्ही नोंदी वेगळ्या आहेत. आता नुसतं नाव लिहून भागत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्राचं, 'स्मृतिचित्रे'चंही तसंच; संक्षिप्त वाचलं की अशोक टिळकांनी संपादित केलेलं 'संपूर्ण', हे सांगितल्याशिवाय लक्ष्मीबाई वाचल्या म्हणण्यात अर्थ नाही.

आता 'कशासाठी?'चं उत्तर. लक्षात राहावं म्हणून, असं तुम्हाला वाटत असेल. नाही. वहीत नाव आहे, महिना आहे, आणि कथानक साफ पुसलं गेलंय अशी पानंच्या पानं आहेत. त्याचं मला दुःख नाही. जेवलेलं सगळं कुठे आठवतं? ही वही मी चालवते ती त्या 'कोणामुळे'साठी.

हा रकाना मी सहज घातला होता. काही वर्षांनी वरून खाली नुसता तोच वाचत गेले तेव्हा गंमत कळली. परीक्षण वाचून किंवा पुरस्कार मिळाला म्हणून आणलेली पुस्तकं अगदी तुरळक. काउंटरवरच्या बाई पुष्कळदा आहेत. मी मागितलेलं बाहेर गेलेलं असलं की त्या दुसरंच काहीतरी पुढे सरकवतात, आणि बहुतेक वेळा तेच जास्त आवडतं. धाकटी नणंद आहे. लोकलच्या लेडीज डब्यात रोज समोर बसणारी एक बाई आहे, जिचं आडनाव मला आजही माहीत नाही. वहीत ती 'डब्यातली' एवढीच आहे. 'स्मृतिचित्रे' माझ्या हातात ठेवलं तिनेच, दादर यायच्या आत.

आणि पुढे पुढे त्या रकान्यात माणसांऐवजी पुस्तकांतलीच माणसं यायला लागतात. लक्ष्मीबाईंच्या घरी कवी ठोंबरे राहायला असतात, म्हणजे आपले बालकवी. शाळेत 'श्रावणमासी' पाठ केली होती तेवढीच माझी ओळख. घरातल्या पोरासारखा रुसणारा हा मुलगा बघितल्यावर त्यांच्या सगळ्या कविता ओळीने वाचल्या. तिथे 'कोणामुळे'मध्ये लिहिलंय: लक्ष्मीबाई. तसंच गोडसे भटजींच्या नावावर महाश्वेतादेवींचं झाशीच्या राणीवरचं पुस्तक आहे. हे त्यांचं पहिलं, बंगालीत 1956 मध्ये आलेलं. मी इंग्रजीतून वाचलं. भटजींनी डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं, आणि या बाई शंभर वर्षांनी बुंदेलखंडात हिंडून लोकांच्या गाण्यांत काय उरलंय ते गोळा करत होत्या. दोन्ही लागोपाठ वाचायला मिळावीत, असं कुठल्याही यादीने मला सुचवलं नसतं.

म्हणूनच 'वाचायची पुस्तकं' अशी यादी मी करत नाही. डार्विन करायचा. 1838 ते 1860 त्याने वह्या ठेवल्या, त्यांत वाचायची वेगळी आणि वाचून झालेली वेगळी. त्याला त्यातून काही सिद्ध करायचं होतं, मला नाही. वाचायच्या यादीचं काही दिवसांत गृहपाठात रूपांतर होतं, आणि गृहपाठ टाळण्यात मी लहानपणापासून पटाईत आहे.

अर्ध्यावर सोडलेल्यांना मात्र वहीच्या मागच्या बाजूने जागा आहे. किती पानांवर सोडलं आणि का, इतकंच. 'टाइप बारीक.' 'नायक फार शहाणा.' 'मार्चएंड.' यातली काही नावं पुढे कधीतरी वहीच्या पुढच्या बाजूला आली आहेत. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण', बोटीवर घडणारी कादंबरी, तरुणपणी चाळीस पानांत ठेवलं होतं. परत हातात आलं तेव्हा बोटीवरून उतरावंसं वाटेना.

वही बघायला मिळेल का, असंही तुम्ही जाता जाता विचारलंत. मिळणार नाही. पुस्तक हवं तर न्या, कोणतंही. पण वहीत प्रकाशन समारंभांना भेट मिळालेल्या पुस्तकांचेही शेरे आहेत, ठाण्यात लेखक पुष्कळ आहेत, आणि मला इथेच राहायचंय.