नऊ शून्यं
मी कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्गातली एक मुलगी ऑफिस अवरला आली ती उघडा लॅपटॉप हातात घेऊनच. येत्या ऑगस्टपासून तिला युनिव्हर्सिटीत जायचं होतं आणि फॅफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीचा फॉर्म, वडिलांच्या पानावर अडला होता. "त्यांना सोशल नाहीये," ती हळूच म्हणाली आणि तिने दाराकडे पाहिलं. सोशल म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर; कागदपत्रांशिवाय इथे राहणाऱ्यांना तो मिळत नाही. मी उठून दार लावलं.

मला वाटलं, सोपं आहे. जुन्या फॉर्मात सोशलच्या चौकटीत नऊ शून्यं टाकायची, सहीचं पान छापायचं, वडिलांची सही घेऊन टपालात टाकायचं. आधी तिने तसंच केलं होतं. पण त्या वर्षीचा फॉर्म नवा होता, ऑक्टोबरऐवजी थेट डिसेंबरअखेर आलेला. आता वडिलांनाही स्वतःचं ऑनलाइन खातं काढावं लागणार होतं आणि सोशल नसलेल्यांची ओळख काही त्या यंत्रणेला पटेना. शून्यं चालली नाहीत. मग मी म्हटलं, वडील टॅक्स भरतात ना, तो नऊने सुरू होणारा आयटिन, म्हणजे सोशल नसलेल्यांचा टॅक्स नंबर, टाकून बघ. हा सल्लाही चुकीचाच होता. ती चौकट फक्त सोशलची. आणि मी किती ठामपणे सांगत होते!

मी स्वतः एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, इथे आलेली. काम करायची परवानगी मिळेपर्यंत घरी बसून काढलेली वर्षं अजून आठवतात, त्यामुळे कागदांची भीती आपल्याला कळते असा माझा समज होता. पण माझी भीती परवानगीचं पाकीट उशिरा येण्याची होती, तिची वडील घरी न येण्याची.

शेवटी मी तिला आमच्या कॉलेजच्या ड्रीम लिएझनचा, म्हणजे कागदपत्रं नसलेल्या विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या व्यक्तीचा, पत्ता दिला. अशी व्यक्ती नेमणं राज्याच्या कायद्याने कम्युनिटी कॉलेजांना बंधनकारक आहे. लिएझनची खोली माझ्या वर्गापासून दोन मिनिटांवर, आणि मी तिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिथे पाच मिनिटांत उलगडा झाला: कागदपत्रं नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी राज्याचा ड्रीम ॲक्टचा वेगळा फॉर्म आहे, आणि फॅफ्साच्या घोळामुळे त्या वर्षी तो अमेरिकेत जन्मलेल्या, पण आईवडिलांकडे कागद नसलेल्या मुलांनाही खुला केला होता. तो भरला की राज्याची मदत मुदतीत पदरात पडते. केंद्राच्या पेल ग्रँटसाठी, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना मिळणाऱ्या, परत न फेडायच्या मदतीसाठी, मात्र फॅफ्साच लागतो.

"तो तर माझ्या भावाचा फॉर्म," ती म्हणाली. तिचा जन्म इथला. आजीच्या आजारपणात आईवडील मेक्सिकोला परतले, तिथे धाकटा झाला, आणि २००८ मध्ये सगळे पुन्हा इथे आले. लहानपणी इथे आणलेल्या मुलांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणाऱ्या डाका योजनेसाठी १५ जून २००७ पासून सलग इथे राहिलेलं असावं लागतं. तो एका वर्षाने चुकला. पण हायस्कूल त्याने इथेच पूर्ण केलं, म्हणून एबी ५४० या राज्याच्या कायद्याखाली आमच्याकडे त्यालाही स्थानिक मुलांइतकीच फी, एका युनिटला ४६ डॉलर. त्या वसंतात दोघा भावंडांनी एकाच जेवणाच्या टेबलावर एकच फॉर्म भरला.

मग मी आणखी एक घोटाळा केला. स्कॉलरशिपसाठी शिफारसपत्र लिहिताना घरची सगळी परिस्थिती त्यात घातली, अगदी कौतुकाने. तिने मसुदा वाचून विचारलं, "प्रोफेसर, हे कोणकोण वाचणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते वाक्य खोडलं. नंतर कॉलेजच्या मेलमध्ये आपण काय काय लिहून ठेवलंय ते पाहिलं, तर वडिलांच्या सोशलची चर्चा चार मेलमध्ये! तेव्हापासून असलं काही मी लिहीत नाही, समोर बोलते. कुणाला विचारतही नाही. अभ्यासक्रमाच्या पत्रकात पहिल्याच पानावर लिएझनची खोली नि वेळ छापते, सगळ्यांसाठी. ज्याला हवं तो वाचतो.

फॅफ्सा मे महिन्यात एकदाचा गेला. त्या वर्षी पेलची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती; तिला जवळपास तेवढी मिळाली.

जानेवारी २०२५ मध्ये शाळा-कॉलेजांजवळच्या धरपकडीवरचे जुने निर्बंध केंद्राने काढून टाकले. थोड्याच दिवसांत तिचा मेल आला: फॅफ्सा पुन्हा भरायची वेळ आलीय आणि बाबा म्हणतात, यंदा नाव द्यायचं नाही. मी उत्तर तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. शेवटी फोन केला. काय हातचं जाईल, काय राहील, एवढंच सांगितलं आणि तिच्या युनिव्हर्सिटीतल्या इमिग्रेशन वकिलाला विचारायला सुचवलं. 'भर' म्हणाले नाही, 'नको' म्हणाले नाही. जिभेवर मात्र 'भर' होतं. तिने फक्त राज्याचा फॉर्म भरला. पेल गेली. शनिवार-रविवार ती आता एका बेकरीत उभी असते.

ऑगस्टमध्ये नव्या वर्गाची हजेरी घेताना एक आडनाव ओळखीचं लागलं. मुलाने हात वर केला, जरा हसला. मी पुढचं नाव घेतलं.