रिकामी खुर्ची कुणाच्या लक्षात येते?

छोट्या ख्रिस्ती मंडळीतल्या, म्हणजे एका चर्चमध्ये उपासनेला जमणाऱ्या लोकांतल्या, आपलेपणाचा विषय निघाला की गाडी हमखास स्वागतावर येते. दारात हस्तांदोलन करा, नाव विचारा, जवळ बसवा. हे हवंच, पण मोठ्या चर्चमध्येही ते होतं, कधी कधी जास्त नीटनेटकं होतं. तीस-चाळीस जणांच्या मंडळीची ताकद वेगळी आहे. तिथे कोण आलं नाही ते दिसतं.

दिसणं वेगळं आणि दखल घेणं वेगळं. सगळ्यांना वाटतं पाळकसाहेबांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) फोन केला असेल, पाळकांना वाटतं शेजारी बसणाऱ्यांनी केला असेल, आणि फोन कुणीच केलेला नसतो. म्हणून हे काम नाव घेऊन सोपवावं लागतं. एकाकडे चार-पाच घरं, त्याहून जास्त नकोत. पहिला रविवार चुकला तर दोन दिवसांत साधा निरोप, लागोपाठ दुसरा चुकला तर फोन, तिसऱ्याच्या आत घरी भेट. “का आला नाहीत?” हा प्रश्न जाब वाटतो; “बरे आहात ना?” एवढंच पुरतं. आणि तीन महिन्यांनी फोन करायचा असेल तर उशिराबद्दल आधी माफी मागा, कारण इतके दिवस आपली कुणालाच आठवण झाली नाही, हेच समोरच्याला त्या फोनमधून कळतं.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या मेथडिस्ट या ख्रिस्ती चळवळीत ही व्यवस्था जवळजवळ अपघाताने उभी राहिली. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहावरचं कर्ज फेडायला प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची ठरलं. साधारण बारा जणांमागे एक पुढारी. त्याने घरोघर जाऊन पैसे गोळा करायचे. दर आठवड्याला दारात उभं राहिल्यावर पैशांपलीकडचंही कळू लागलं. कुणाचं काय बिनसलंय, कोण वाट सोडून चाललंय. चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी त्यातलं मोल ओळखलं आणि वसुलीचे गट काळजीवाहू गट झाले. पुढे घरोघर फिरणं वेळखाऊ ठरलं, तेव्हा गट एकत्र जमू लागला. बाराचा आकडा मात्र आजही कामाचा आहे: तेवढ्या लोकांत प्रत्येकाला बोलायला वेळ मिळतो आणि गप्प बसणाराही लपत नाही.

दखल घेतली गेली तरी माणूस पाहुणाच राहू शकतो. हातात काही काम असलं की तो घरचा होतो. इथे दोन उलट चुका होतात. मंडळी थकलेली असते, म्हणून नवा माणूस तिसऱ्याच रविवारी संडे स्कूलला (मुलांच्या बायबल-वर्गाला) शिकवायला जुंपला जातो. मग तो दमून जातो किंवा यायचाच थांबतो. पहिले दोन-तीन महिने जोडीने करायचं छोटं काम द्यावं: खुर्च्या मांडणं, गीतांचे क्रमांक फलकावर लावणं, शास्त्रपाठ म्हणजे बायबलमधला उतारा वाचणं (पाठ चार दिवस आधी हातात द्या, वंशावळीतली नावं ऐनवेळी कुणालाच वाचता येत नाहीत). दुसरी चूक म्हणजे किल्ली, पेटी आणि हिशेब वर्षानुवर्षं एकाच घरात. त्या घराची सेवा खरी असते, तरी बाकीचे भाडेकरू होऊन बसतात. दानार्पण मोजायला वेगवेगळ्या घरांतले दोघे असावेत, आकड्याखाली दोघांच्या सह्या, आणि जोड्या बदलत राहाव्यात.

सूचनांकडे जरा कान द्या. “बुधवारी नेहमीच्या ठिकाणी” हे वाक्य ज्यांना ठिकाण माहीत आहे त्यांच्यासाठीच असतं. प्रभुभोजनाआधी (भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीआधी) ते कुणी घ्यायचं, पुढे यायचं की जागेवर थांबायचं, आणि न घेणाऱ्याने काय करायचं, हे दर वेळी दोन वाक्यांत सांगावं. जुन्यांना कंटाळा येईल. येऊ द्या.

जवळीक जिथे असते तिथेच चहाडीही पिकते, आणि ती बहुतेकदा प्रार्थना-विनंतीचा वेष घेऊन येते. म्हणून कुणाचंही दुखणं सभेत मांडण्याआधी त्यालाच विचारावं: सगळ्यांसमोर सांगू, की फक्त वडीलमंडळात ठेवू? भांडणांचंही तसंच. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, क्रम स्पष्ट आहे: आधी एकट्याने एकट्याशी, मग एक-दोन साक्षीदार घेऊन, मग मंडळीपुढे. बहुतेक ठिकाणी पहिली पायरी गाळून तक्रार थेट पाळकांकडे जाते. मोठ्या चर्चमध्ये दोघे दोन टोकांना बसून वर्षं काढतात. इथे दोन रांगांचं अंतर असतं, ताण सगळ्यांना जाणवतो आणि बिचारी तिसरीच माणसं गळतात.

कुणी गाव बदलून जात असेल तर त्याला गुपचूप जाऊ देऊ नये. शेवटच्या रविवारी पुढे बोलावून प्रार्थना करावी आणि नव्या मंडळीसाठी पत्र द्यावं. बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय फिबी नावाच्या स्त्रीच्या अशाच शिफारशीने सुरू होतो. पौल तिचं नाव सांगतो, ती कुठल्या मंडळीची सेविका ते सांगतो आणि तिने पुष्कळांना साहाय्य केलं हेही लिहितो. आपल्या पत्रांत मात्र बहुधा बाप्तिस्म्याची तारीख आणि शिक्का एवढंच असतं. तो माणूस काय काम करत होता, याची एक ओळ घाला.