मंडळाची पुनव

सोलापुरात नवरात्र दसऱ्याला संपत नाही, पुनवेला संपतं. दसऱ्याला शक्तीदेवीची मिरवणूक निघते, लेझीम खेळून पोटऱ्या भरून येतात, रात्री विसर्जन होतं आणि दुसऱ्या दिवशी मांडववाला बांबू सोडायला येतो. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, झालं. पण भवानी पेठेतल्या आमच्या मंडळाची खरी लगबग तिथून सुरू व्हायची. कोजागरीला चालत तुळजापूर गाठायचं असायचं.

मी सांगतोय ते नव्वदच्या दशकातलं. मंडळात लूमवर पाळी करणारे होते, चादरीच्या कारखान्यातले होते, आमच्यासारखी कॉलेजात नाव घातलेली रिकामटेकडी पोरं होती. घरी तेलुगू आणि मंडळात मराठी बोलणारे निम्मे तरी असतील. वर्षभर ह्या ना त्या कारणावरून धुसफूस चालायची. वर्गणी कुणी किती मागितली, स्पीकर कुणाच्या दारासमोर लावला, आरतीचं ताट आधी कुणाच्या हातात दिलं. पुनवेच्या वाटेला मात्र सगळे यायचे.

पुनवच का, ते आम्हाला अण्णांनी सांगितलं होतं. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, सिंहासनावरून हलवता येते. दसऱ्याच्या पहाटे तिला साड्यांच्या दिंडात गुंडाळतात, म्हणे एकशेआठ साड्या लागतात, आणि पालखीत बसवून सीमोल्लंघन करतात. मग ती पलंगावर निजते. ही पालखी आणि हा पलंग दरवर्षी नगरकडून गावोगाव मिरवत येतात. देवी वर्षातून तीनदा अशी झोपते. नवरात्राआधी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा. आम्हाला आपली वाटायची ती मधली. महिषासुराशी नऊ दिवस लढलेली बाई दमून पाच दिवस झोपते आणि आश्विनी पौर्णिमेच्या पहाटे पुन्हा सिंहासनावर बसते. अण्णा म्हणायचे, “नऊ दिवस ती बी राबली, आपण बी राबलो. ती उठायच्या टायमाला आपण तिथं नको व्हय?” ह्यावर कुणाकडे उत्तर नसायचं.

आदल्या दिवशी ऊन उतरलं की सोलापुरातल्या रूपाभवानीच्या देवळापुढे नारळ फुटायचा. चपला घरीच. पंचेचाळीस किलोमीटर अनवाणी, आणि डांबर दिवसभर तापलेलं. पहिला तासभर तळव्यांना काय वाटायचं ते विचारू नका. सोबत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि पाण्याचे कॅन ठेवलेली एक हातगाडी. हातगाडी ओढायची पाळी कुणाची, यावर हिप्परग्याचा तलाव येईपर्यंत वाद. तलावाशी पोचेस्तोवर चंद्र चांगला वर आलेला असायचा आणि वाद आपोआप मिटायचा, कारण त्या रस्त्यावर मग आपण मंडळ म्हणून उरतच नाही. पुढे माणसं, मागे माणसं, कर्नाटकातून आलेले, आंध्राकडचे, डोक्यावर परडी घेतलेल्या आराधी बायका, कवड्यांच्या माळा, कुठे संबळ, कुठे नुसती टाळी. मधूनच कुणीतरी “आई राजा उदो उदो” म्हणायचं आणि ती आरोळी मैलभर मागे जायची. आमच्या गल्लीतल्या विडी वळणाऱ्या आक्का आमच्या नंतर निघून आम्हाला मागे टाकायच्या. वर विचारायच्या, “काय बे, दमला का?”

वाटेत चहा, केळी, खिचडी फुकट. कुणी ओळखीचं नाही, पाळखीचं नाही, तरी हात धरून बसवायचे आणि पायाला तेल चोळून द्यायचे. पहिल्या वर्षी मला भयंकर लाज वाटली होती. माझ्या बापाच्या वयाचा माणूस माझे पाय धरून बसलेला. नंतर नंतर मीच तेलाची बाटली कुठे दिसते ते शोधायला लागलो.

तामलवाडीला आमचा मोठा मुक्काम. मोठा म्हणजे तासाभराचा. आणि तिथेच आमचे खजिनदार पिशवीतून वही काढून नवरात्राचा हिशेब वाचायचे. हा माणूस हुशार होता. पेठेत बैठक घेतली असती तर मांडवाच्या बिलावरूनच खुर्च्या उडाल्या असत्या. इथे निम्मी वाट संपलेली, पायाला फोड आलेले, अर्धे जण आडवे झालेले. “वाजंत्रीवाल्याला इतके कसे दिले?” एवढं विचारायला एखादा उठून बसायचा आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा कलंडायचा. बॅटरीच्या उजेडात हिशेब मंजूर व्हायचा, पुढच्या वर्षीचा अध्यक्षही तिथेच ठरायचा. बहुतेकदा जो झोपलाय तो. मंडळ टिकलं ते ह्या तासाभरामुळे, असं माझं पक्कं मत आहे. बाकीची कारणं लोक स्मरणिकेत लिहितात.

सिंदफळ गेलं की घाट लागायचा आणि बोलणं बंद व्हायचं. तुळजापुरात शिरताना अंधारच असायचा. महाद्वारातून पायऱ्या उतरत खाली जायचं. देवीला भेटायला चढायच्या ऐवजी उतरावं लागतं, हे त्या सुजलेल्या पायांवर उपकारच. कल्लोळ तीर्थात अंघोळ, गोमुख तीर्थाच्या धारेखाली डोकं, आणि मग रांग. सोलापूरच्या मानाच्या काठ्या त्याच पुनवेला येतात, त्यामुळे रांगेला अंत नसायचा. इतकं चालून, इतकं थांबून दर्शन म्हणाल तर डोळे भरून बघेपर्यंत पुजारी पुढे ढकलायचा. मळवट, नथ आणि कपाळावरचा चिरीचा पट्टा एवढंच हाती लागायचं. कुणाचीच तक्रार नसायची.

बाहेर आल्यावर चिंतामणीचा दगड. दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरायचा. उजवीकडे फिरला तर होय, डावीकडे फिरला तर नाही. पोरं बारावीचं विचारायची, लूमवाले पगारवाढीचं, एक जण दर वर्षी लग्नाचं. त्याला बघायला आम्ही सगळे गोळा व्हायचो. दगड डावीकडे गेला की तो शांतपणे म्हणायचा, “पुढच्या पुनवेला बघू.” त्याचं लग्न पुढे झालं, बायकोही आमच्यासोबत चालत यायची.

आता रस्ता चौपदरी झालाय. मंडळ आहे, पोरं नवी आहेत, पुनवेला अजून जातात. हिशेब मात्र ग्रुपवर पीडीएफ टाकून देतात आणि भांडण दिवाळीपर्यंत चालतं. गेल्या नवरात्रात आरतीला गेलो तेव्हा त्यांना म्हटलं, वही घ्या आणि तामलवाडीला वाचा. पोरं हसली. म्हणाली, “काका, तुम्ही चालत येणार असाल तर वाचतो.” गुडघ्याचं बघून कळवतो म्हटलंय.