दवाखान्यातली चित्रं आणि गणपतीआधीचा फ्रेमवाला : माझा अनुभव

जुलै महिन्यात कोकणातल्या फ्रेमवाल्याने काम घेतलं आणि "गणपतीच्या आत देतो" म्हणाला, तर पुढे दोन गोष्टी संभवतात. एक म्हणजे तो देणार नाही. दुसरी म्हणजे तो देईल. दुसरी जास्त वाईट, आणि हे सगळं लिहितोय ते तिच्यापायीच.

आमचा दवाखाना रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्याच्या गावात. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, वरून गिलावा. बाहेर वेटिंग, आत तपासणीची खोली, मागे ड्रेसिंगची खोली. रंगकाम उरकल्यावर भिंतींवर काय लावायचं ते ठरवणं माझ्याकडे आलं.

निवड पटकन झाली, कारण काय नको ते आधी ठरवलं. पहिली काट सूर्यास्तावर. शहरातल्या इंटिरियरवाल्याला कोकणातला दवाखाना म्हटलं की सोनेरी पाण्यातली एकटी होडी सुचते. इथे बाकावर बसलेल्या बाईचा नवरा त्याच पाण्यात गेलेला असतो, तिला ते चित्र शांत करत नाही. किनाऱ्यावर ओढलेल्या होड्याही नकोत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हाचे ते तंगीचे दिवस कोणाला भिंतीवर बघायचेत? पाणी हवंच असेल तर खाडी घ्यावी. पलीकडचा किनारा दिसणारी, माडांची, तरीतून (पलीकडे नेणाऱ्या होडीतून) माणसं उतरत असलेली. लावणीची शेतं, सुपारीची बाग, बाजाराचा दिवस हेही चालतं. चित्रातली जागा ओळखू आली तर उत्तम. "हा आमचा साकव नव्हे?" यावर वेटिंगमधली अर्धी वेळ जाते.

निसर्गचित्रंच का, तर रॉजर उलरिच यांचा अभ्यास अनेकांनी ऐकलेला असतो. तो १९८४ साली 'सायन्स'मध्ये आला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते रुग्ण विटांची भिंत बघणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जोरकस वेदनाशामकं कमी लागली. पण त्यात रुग्ण ४६, आणि ती खरी खिडकी होती. त्या अभ्यासाचं नाव सांगून कोणी महागडे प्रिंट गळ्यात मारत असेल तर हे दोन मुद्दे त्याला ऐकवावेत.

आणखी काही गोष्टी नाकारल्या. समोरून टक लावून बघणारे चेहरे, लाल डागांची अमूर्त चित्रं, वठलेली झाडं. वारलीतला तारप्याचा नाच (तारपा वाजवणाऱ्याभोवती गोल नाचणारी माणसं) सुंदर असतो, पण चक्कर येते म्हणून आलेल्या माणसासमोर ते वेटोळं नको. पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत पुराणकथा सांगायची परंपरा, तिची चित्रं हवी होती. त्यात युद्धाचे प्रसंग बरेच, ते वगळून मागावेत. सावंतवाडीची गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) भिंतीवर छान दिसते, मात्र ती गोल पानं सपाट फ्रेममध्ये दाबू नयेत, खोल पेटीची फ्रेम लागते. मोतीबिंदूचे रुग्ण जास्त असतील तर फिक्या निळ्यावर फिकं हिरवं असलं चित्र वाया जातं. डोळ्यातल्या पिवळटलेल्या भिंगातून निळा रंग मंद दिसतो. तिथे गडद-उजळ फरक ठळक असलेलं चित्र हवं, म्हणून आम्ही कातळशिल्पांची (कोकणच्या सड्यांवर खडकात कोरलेल्या जुन्या आकृत्यांची) काळी-पांढरी रेखाटनं घेतली.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग फ्रेम.

जुलैत आमच्याकडे हवेत ओल किती असते ते सांगायला नको. कागद, माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) आणि पाठीमागचा हार्डबोर्ड, तिघेही ती ओल पिऊन बसलेले असतात. दुकानात हार्डबोर्डाच्या शीट जमिनीवर, भिंतीला टेकून उभ्या. हा माणूस काय करतो? चित्राच्या मागे सगळीकडे पांढरा गोंद फासतो, हार्डबोर्डावर चिकटवतो, काच थेट चित्रावर ठेवतो, पाठीमागून ब्राऊन टेप मारतो आणि वर सांगतो, "काय नाय होत, सगळे असंच करतात."

काय होतं ते मी सांगतो. आत अडकलेल्या ओलीला जायला वाट राहत नाही. खोली तापली की ती कागदातून निघते, रात्री काच गार झाली की काचेच्या आतल्या बाजूला बसते. काच चित्राला चिकटून असेल तर शाई काचेला धरते आणि पुढे सोडवताना चित्राची साल निघते. बुरशीला कागद आणि गोंद हे दोन्ही खाद्यच. कागद ओलीने वाढतो, कोरड्याने आकसतो. चारही बाजूंनी चिकटवला की त्याला हलता येत नाही, मग तो लाटांसारखा वर-खाली होतो. आधी कोपऱ्यात तपकिरी ठिपके, मग माउंटवर पांढुरकी लव. आणि हे दिवाणखान्यात नव्हे, दम्याच्या रुग्णांच्या डोक्यावर! बुरशी धरलेली फ्रेम वेटिंगमध्ये एक दिवसही ठेवू नये. ओल्या फडक्याने पुसूही नये, ती पसरते. उतरवून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाहेर न्यावी, तोंडाला मास्क लावून उघडावी, कोरडी होऊ द्यावी आणि मग मऊ ब्रशने झटकावी. चित्र बहुधा वाचतं. माउंट आणि हार्डबोर्ड फेकायचेच.

बरं, घाई करावी तर करायची कोणाकडे? आषाढ लागला की हात चालणारा प्रत्येक माणूस गणपतीच्या शाळेत (मूर्तींच्या कारखान्यात) रंग लावत असतो. चित्रकार तिथे, त्याचा मदतनीस तिथे, पट्टी कापणारा सुतार मखराच्या आणि चौरंगाच्या ऑर्डरीत. याबद्दल तक्रार नाही, गणपती सगळ्यांचाच. तक्रार आहे ती "होतंय, उद्या या" याबद्दल. दसऱ्यानंतर घेतो, असं सांगितलं असतं तर चित्रं वाचली असती.

म्हणून आता आमचा नियम असा की फ्रेमचं काम दिवाळी ते शिमगा याच काळात. जोडणी कोरड्या हवेतच झाली पाहिजे. पावसाळ्यात करायचीच वेळ आली तर चित्र, माउंट आणि पाठ आदल्या दिवशीपासून एसीच्या खोलीत ड्राय मोडवर सुटी पसरून ठेवायची आणि त्याच खोलीत जोडायची. खोलीतली आर्द्रता मोजायला छोटा डिजिटल हायग्रोमीटर मिळतो, महाग नसतो. आकडा ६० टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय टेप मारू द्यायची नाही.

फ्रेमच्या आत काय असावं: चित्र वरच्या कडेला फक्त दोन कागदी बिजागऱ्यांवर टांगलेलं, बाकी मोकळं. वर आम्लरहित माउंट, म्हणजे काच आणि चित्र यांच्यात माउंटच्या जाडीएवढी हवा राहते. पाठीला हार्डबोर्ड किंवा एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) नाही. ३ मिलिमीटरचा सनबोर्ड (पीव्हीसी फोमची शीट) किंवा एसीपी शीट (दोन अॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये प्लास्टिक), ओल पीत नाही. पट्टी सागवानाची किंवा अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमची. फायबरची पट्टी पाण्याला घाबरत नाही, पण मोठ्या आकारात तिचे कोपरे उघडतात. एमडीएफची पट्टी दुकानात सगळ्यात गुळगुळीत दिसते आणि पहिल्या पावसात फुगते.

मागच्या चारही कोपऱ्यांना १० ते १२ मिलिमीटरचे रबरी बूच हवेत. फक्त खालच्या दोन कोपऱ्यांना लावले तर फ्रेम वरच्या कडेने भिंतीला टेकते आणि वारा खेळायची जागा तिथेच बंद होते. फ्रेमवाल्याने बूच दिले नाहीत तर हार्डवेअरच्या दुकानातून स्वतः आणावेत. हे काम त्याच्या भरवशावर ठेवण्यासारखं नाही, हे मी अजूनही चिडूनच लिहितोय.

भिंत कोणती, हेही त्यातच आलं. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंतींवर पाऊस झोडपतो, जांभा सच्छिद्र, ओल आत येते. शंका असेल तर हातभर प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवून दोन दिवस ठेवावा. थेंब प्लास्टिकच्या मागे आले तर ओल भिंतीतली. तिथे चित्र नको, आधी भिंतीचं काम. थेंब खोलीच्या बाजूला आले तर ओल हवेतली, ती पंख्याने किंवा एसीने आवरते. तपासणीच्या खोलीत दिवसभर एसी आणि रात्री बंद असेल तर गार भिंतीवर दमट हवा येऊन बसते, तेव्हा तिथे कागदाचं चित्र लावूच नये. आम्ही तिथे एसीपीवर थेट छापलेलं चित्र लावलं. काच नाही, माउंट नाही, कटकट नाही.

काचेवरून आठवलं. अॅक्रिलिक हलकं म्हणून सगळे तेच सुचवतात. पण दवाखान्यात प्रत्येकाच्या हातात स्पिरिट किंवा सॅनिटायझर असतो, आणि स्पिरिटने अॅक्रिलिकला बारीक तडे जातात. मग ते कायमचं धुरकट. मोठ्यांच्या भागात साधी काच बरी, मागून सेफ्टी फिल्म लावून. मुलांच्या कोपऱ्यात काच नकोच, तिथेही एसीपीवरचं छापील चित्र. पुसताना काचेवर फवारायचं नाही. द्रव कडेने आत उतरतो. फडक्यावर घ्यायचा, मग पुसायचं. हायपोक्लोराइटचा (जंतुनाशक ब्लीचचा) हात अॅल्युमिनियमच्या पट्टीला लागू द्यायचा नाही, डाग पडतात. ड्रेसिंगच्या खोलीत कापडी काहीही नको.

फोटो छापणार असाल तर व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून मागवू नका. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलवर येतो. ३६ इंचांवर तो ताणला की इंचाला ४४ पिक्सेल. हातभर अंतरावरून बघायच्या चित्राला १५० तरी लागतात, म्हणजे ५४०० पिक्सेल. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. फोटो काढणाऱ्याची लेखी परवानगीही त्याच वेळी घ्या. फाइल हातात आली म्हणजे छापण्याचा हक्क आला असं होत नाही. चित्र विकत घेतलं तरी त्याच्या प्रती काढायचा हक्क त्याबरोबर येत नाही.

आणि भिंत मोजण्याआधी सक्तीचे फलक मोजा. नर्सिंग होम असेल तर रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक, सोनोग्राफी असेल तर नोंदणी प्रमाणपत्र आणि गर्भलिंग निदान होत नसल्याचा फलक, जैववैद्यकीय कचऱ्याचा रंगांचा तक्ता. या सगळ्यांना दर्शनी जागा द्यावी लागते. उरलेल्या जागेत चित्रं. सोनोग्राफीच्या बाहेर बाळकृष्णाचं किंवा गुटगुटीत मुलग्याचं चित्र लावू नये, हे माझं मत. त्या फलकाच्या शेजारी ते वेगळंच बोलतं. औषध कंपनीची कॅलेंडरं मी एकही ठेवली नाहीत. एमआर (कंपन्यांचे प्रतिनिधी) हिरमुसले.

जांभ्यात भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर चिऱ्याचा काठ ढासळतो. गिट्टी (स्क्रू धरणारा प्लास्टिकचा प्लग) पोकळीत सापडली तर नुसती फिरते. भोकात एम-सील (कडक होणारी इपॉक्सी लुकण) भरून त्यात गिट्टी बसवावी, सुकल्यावर स्क्रू. समुद्र जवळ असेल तर स्क्रू आणि हूक ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे. साधे गंजतात आणि गंजाचा ओघळ नव्या रंगावर उतरतो. प्रत्येक फ्रेमला दोन हूक, एकावर ती सतत तिरकी होते. उंची बसलेल्या माणसाच्या हिशोबाने धरावी. वेटिंगमध्ये चित्राचा मध्य जमिनीपासून १३० ते १३५ सेंटिमीटर, जिथे लोक उभे असतात तिथे १४५ ते १५०. पण खुर्च्यांच्या मागे असेल तर खालची कड खुर्चीच्या पाठीपेक्षा निदान २० सेंटिमीटर वर, नाहीतर डोक्याचं तेल काचेला.

दुसऱ्या फ्रेमवाल्याकडे जाताना मी पावतीवरच लिहून घेतलं: पट्टी कशाची, पाठ कशाची, माउंट आम्लरहित, गोंद नाही, बूच चार, जोडणी कोणत्या महिन्यात. तो आधी हसला, मग म्हणाला, "एवढं कोणी लिहून मागत नाय." सही मात्र केली. ती पावती फ्रेमच्या मागे पाकिटात चिकटवलेली आहे, आणि तिच्याखाली मी एक ओळ वाढवली आहे: दर दसऱ्यानंतर उतरवून पाठ तपासणे.